हेलियम, विजयदुर्ग आणि तीस वर्षांची गल्लत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत जगभरातील नवलाच्या गोष्टी सांगणारे जे छोटेसे सदर येते, त्याचा मी जुना वाचक आहे. आमच्या घरी ते मोठ्याने वाचले जाते आणि माझी नात त्यातली माहिती वहीत उतरवून घेते. गेल्या रविवारी तिने उतरवलेले वाक्य असे होते : हेलियम या मूलद्रव्याचा शोध १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी सिंधुदुर्गातील विजयदुर्ग किल्ल्यावरून खग्रास सूर्यग्रहण पाहताना लावला. या वाक्यातील तारीख खरी आहे, ग्रहण खरे आहे, शास्त्रज्ञ खरा आहे आणि किल्ला तर आमच्याच जिल्ह्यातला आहे; तरीही वाक्य चुकीचे आहे. ते पहिल्यांदा आपणच छापले असे मुळीच नाही. हीच माहिती मी स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत वाचली आहे, सहलीच्या बसमध्ये वाटाड्यांच्या तोंडून ऐकली आहे, आणि भौतिकशास्त्र शिकवण्याच्या नोकरीत पहिली काही वर्षे मी स्वतःही ती वर्गात सांगितली आहे. म्हणूनच हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. त्याच्या लांबीबद्दल आधीच क्षमा मागतो.

१८ ऑगस्ट १८६८ च्या त्या ग्रहणाच्या दिवशी लॉकियर भारतात नव्हते, ते इंग्लंडमध्ये होते. त्या वेळी त्यांचे वय ३२ वर्षांचे होते, पोटापाण्यासाठी ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनी करत आणि उरलेल्या वेळात आकाशनिरीक्षण. ग्रहणाच्या वेळी सूर्याच्या कडेला ज्या लालसर ज्वाला दिसतात, त्यांचा वर्णपट (प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा, ज्यात प्रत्येक द्रव्य आपापल्या ठराविक रेषांवरून ओळखता येते) ग्रहणाशिवायही पाहता येईल, असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्यासाठी त्यांनी एक शक्तिशाली वर्णपटदर्शक करायला टाकला होता, पण तो हाती यायला फार उशीर झाला. ग्रहण होऊन दोन महिने लोटले, ऑक्टोबरच्या मध्यावर उपकरण मिळाले आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांना कोणत्याही ग्रहणाविना त्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. एक तांबडी, एक निळसर आणि तिसरी पिवळ्या भागात, सोडियमच्या सुप्रसिद्ध 'डी' रेषांच्या जवळ. पुढे ज्या द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले त्याची हीच तिसरी रेषा, आणि ती लॉकियर यांनी पाहिली लंडनमध्ये.

मग भारतातून त्या दिवशी ग्रहण कोणी पाहिले? ही हकिकत फार रंजक आहे आणि ती आपल्याकडे जवळजवळ सांगितलीच जात नाही. ग्रहणाची सावली पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरून दख्खन ओलांडून मच्छलीपट्टणच्या किनाऱ्याकडे गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन आंध्रातील गुंटूर येथे एका फ्रेंच व्यापाऱ्याच्या घरी ठाण मांडून बसले होते. मेजर टेनंट यांचा इंग्रजी चमूही गुंटूरलाच होता. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणला होते. आणि मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावे असे ठिकाण म्हणजे आजच्या कर्नाटकातील जमखंडी, पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी. तिथे लंडनच्या रॉयल सोसायटीसाठी वेध घ्यायला लेफ्टनंट जॉन हर्शेल आले होते. १७८१ मध्ये युरेनस ग्रह शोधणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. ऐन वेळी ढग येजा करत होते, तरी मिळालेल्या मोकळ्या क्षणांत त्यांना तीन ठळक रेषा दिसल्या : तांबडी, नारिंगी आणि निळी.

त्यातली मधली, नारिंगी म्हणून नोंदवलेली रेषा हेलियमची होती. हर्शेल यांनी ती सोडियमची 'डी' रेषा मानली. गुंटूरला टेनंट यांनीही तसेच मानले. दूर सयामच्या (आजच्या थायलंडच्या) आखाताकाठी ग्रहण पाहणाऱ्या फ्रेंच चमूतील राये यांनी नऊ तेजस्वी रेषांची यादी दिली, तीतही ती 'डी' म्हणूनच आली. या मंडळींना कमी लेखावे असे काही नाही. ती चूक का झाली हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने मोजले आहे त्याला लगेच कळते, आणि आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते दर वर्षी मोजले जात असे.

पदार्थविज्ञानाच्या काळोख्या खोलीत स्पेक्ट्रोमीटरच्या टेबलावर इंचाला १५,००० रेषा असलेली ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश फाकवणारी पट्टी, बसवायची आणि समोर सोडियमचा दिवा लावायचा. दुर्बीण हळूहळू फिरवली की सुमारे वीस अंशांवर दोन पिवळ्या रेषा खेटून उभ्या दिसतात. त्यांच्या तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर, म्हणजे दोघींत अंतर जेमतेम एका कलेचे, अंशाच्या साठाव्या भागाचे. मग दिवा बाजूला सारून उपकरणात उजेड आत घेणाऱ्या त्याच अरुंद फटीसमोर हेलियमची नळी ठेवायची. नळीचा उजेड फिकट पिवळट-गुलाबी असतो. दुर्बिणीत एकच झळझळीत पिवळी रेषा दिसते आणि कोणाही विद्यार्थ्याचा पहिला उद्गार असतो, "सर, हे सोडियमच आहे." व्हर्नियर, म्हणजे कोनाची बारीक मोजपट्टी, वाचायला लावला की फरक कळतो : ही रेषा ५८७.६ वर आहे, आधीच्या जोडीपासून तीन-चार कला हिरव्या रंगाच्या बाजूला. तीन-चार कला! स्थिर टेबल, शांत खोली, हवा तेवढा वेळ आणि हातात भिंग असूनही विद्यार्थी चुकतात. मग मैदानात, ढगांच्या धावपळीत, पाच-साडेपाच मिनिटांच्या अंधारात, डोळा एका रेषेवरून दुसरीवर नेत असलेल्या माणसाने पिवळी रेषा पाहिली आणि ती सोडियमची समजली, यात नवल काय?

जान्सेन यांचे श्रेय वेगळे आहे आणि तेही मोठे आहे. ग्रहण चालू असतानाच त्यांच्या लक्षात आले की ज्वालांच्या रेषा इतक्या तेजस्वी आहेत, की सूर्य झाकलेला नसतानाही त्या दिसायला हरकत नाही. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी गुंटूरमध्ये ते करून पाहिले आणि ते साधले. म्हणजे सूर्याच्या ज्वाला ग्रहणाशिवाय पाहणारा पहिला माणूस जान्सेन, आणि स्वतंत्रपणे त्याच युक्तीने दोन महिन्यांनी तेथवर पोहोचलेला दुसरा माणूस लॉकियर. भारतातून निघालेले जान्सेन यांचे पत्र आणि लंडनहून आलेली लॉकियर यांची बातमी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबर १८६८ रोजी, वाचली गेली. फ्रेंच सरकारने १८७२ मध्ये दोघांच्याही मुद्रा एकत्र कोरलेले पदक काढले. हे पदक ग्रहणाविना सौरज्वाला पाहण्याच्या पद्धतीसाठी होते, हेलियमसाठी नव्हे; पण पुढे 'हेलियमचे दोन शोधक' अशी जी जोडी पाठ्यपुस्तकांत रुजली, तिला या पदकाने मोठा हातभार लावला असावा असे माझे मत आहे.

हेलियमचा शोध एका दिवसात, एका ठिकाणाहून, एका माणसाने लावलेलाच नाही. लॉकियर यांनी पुढील काळात नेमकेपणाने मोजून दाखवले की ती पिवळी रेषा सोडियमच्या दोन्ही रेषांशी जुळत नाही; म्हणून तिला 'डी-तीन' म्हणू लागले. मग एडवर्ड फ्रँकलंड या रसायनशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी प्रयोगशाळेत खटपट केली. हायड्रोजन वेगवेगळ्या दाबांवर आणि तापमानांवर ठेवला तर ती रेषा निघते का हे पाहिले. ती निघाली नाही. तेव्हा सूर्यावर असे काही द्रव्य आहे जे पृथ्वीवर कोणाला माहीत नाही, हा निष्कर्ष उरला. सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हा शब्द सुचवला गेला आणि तो १८७१ मध्ये एडिंबरा येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी अध्यक्षीय भाषणात जाहीरपणे उच्चारला. नावाचा शेवट 'इयम' असा आहे, कारण त्या वेळी हे द्रव्य धातू असावे असा समज होता. वायूला धातूचे नाव मिळाले आणि ते तसेच राहिले. ही गोष्ट आपल्या सदरात जरूर छापावी.

पुढची चोवीस वर्षे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ या द्रव्याकडे संशयाने पाहत राहिले. केवळ एका रेषेवरून मूलद्रव्य मानायचे? १८९५ च्या मार्चमध्ये लंडनला विल्यम रॅमझी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्ल टाकून आर्गॉन मिळतो का ते पाहत होते. वायू मिळाला, पण त्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेषा होती. विल्यम क्रूक्स यांनी ती मोजली : डी-तीन. सूर्यावर सापडलेले द्रव्य अखेर काचेच्या नळीत आले. त्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला येथे क्लेव्ह आणि लांगले यांनीही ते स्वतंत्रपणे मिळवले. (हेच रॅमझी १९०० साली भारतात आले होते आणि जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी त्यांनी बंगळूरची शिफारस केली, ही आणखी एक कमी ठाऊक असलेली गोष्ट.) लॉकियर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे होते. ऐन तारुण्यात ज्या रेषेवर त्यांनी आपली पत पणाला लावली, ती त्यांना उतारवयात आपल्या प्रयोगशाळेत, खनिज तापवून मिळवलेल्या वायूत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळाली.

आता विजयदुर्गाकडे येतो, कारण किल्ल्याचा या इतिहासाशी काहीच संबंध नाही असे माझे म्हणणे अजिबात नाही. लॉकियर विजयदुर्गावर आले होते. ते आले १८९८ साली.

२२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास ग्रहणाची वाट विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली आणि तेथून ईशान्येकडे महाराष्ट्र तिरका कापत वऱ्हाड, मध्य प्रांत, बिहार असे करत गेली. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांत या जागेचे स्पेलिंग अनेकदा 'विझियाद्रुग' असे आढळते, त्यामुळेही आपल्याकडच्या शोधणाऱ्यांच्या हातून नोंदी निसटल्या असाव्यात. आता 'सर' झालेले एकसष्ट वर्षांचे लॉकियर मोहिमेचे प्रमुख होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे अलेक्झांडर पेडलर सोबत होते. आणि 'मेलपॉमिनी' ही ब्रिटिश युद्धनौका कप्तान चिझम-बॅटन यांच्या हाताखाली बंदरात उभी होती. जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी यांना ग्रहणापूर्वी कवायतीसारखा सराव देऊन प्रत्येकाला एक काम वाटून दिले होते. कोणी घड्याळ पाहून सेकंद मोठ्याने मोजायचे, कोणी काचा बदलायच्या, कोणी सूर्याभोवतीच्या किरीटाचे चित्र काढायचे. आंग्र्यांच्या आरमाराचा धाक ज्या खाडीवर होता आणि १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांनी ज्या तटाला हादरे दिले, तिथे इंग्रज नौसैनिक दोन मिनिटांच्या अंधारासाठी पेन्सिली परजून बसले होते, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्या वेळी हेलियम शोधायचा उरलाच नव्हता. तो तीन वर्षांपूर्वी बाटलीत भरला गेला होता. विजयदुर्गावर लॉकियर यांना हवे होते ते दुसरेच : सूर्यबिंब पूर्ण झाकले जाण्याच्या आणि पुन्हा उघडण्याच्या क्षणी, चंद्राच्या कडेपाशी सूर्याच्या वातावरणाचा जो पातळसा थर उरतो, त्याचे छायाचित्र. त्यासाठी त्यांनी कॅमेऱ्याच्या भिंगापुढेच लोलक बसवला होता. अशा कॅमेऱ्यात फटीची गरज नसते, कारण सूर्याची उरलेली चंद्रकोरच फटीचे काम करते. काचेवर सरळ रेषांऐवजी रांगेने कोरी उमटतात, एकेका द्रव्याची एकेक कोर, आणि कोर जितकी लांब तितका त्या द्रव्याचा थर सूर्यावर उंच. कोणते द्रव्य किती उंचीपर्यंत पोहोचते हे केवळ दोन मिनिटांत छायाचित्रावर उतरवण्याची ही रीत मला आजही सुंदर वाटते.

'साहेबाचे ओटे' म्हणून गडावर जे बांधीव ओटे दाखवतात, त्यांचे कोडे येथे सुटते. अवजड कॅमेरे हलू नयेत म्हणून अशी पक्की बैठक लागतेच, आणि लॉकियर यांची विजयदुर्गावरची मोहीम १८९८ ची आहे. पुढे लोकांच्या आठवणीत दोन ग्रहणांची एकमेकांत सरमिसळ झाली असणार. ओटे खरे, साहेब खरा, साहेबाच्या नावाशी हेलियम जोडलेला खरा, हेलियमशी १८६८ चे ग्रहण जोडलेले खरे. मग सगळे एकाच दिवशी एकाच गडावर घडले असे मन आपोआप समजून घेते. मधल्या काळात, १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी लॉकियर आजच्या केरळातील बेकल किल्ल्यावर आले होते, त्यामुळे 'लॉकियर आणि समुद्रकाठचा किल्ला' ही सांगड आणखी पक्की झाली असेल तर नवल नाही. मी गेल्या हिवाळ्यात नातीला घेऊन गडावर गेलो, तेव्हा तिने ओट्यावर हात ठेवून विचारले, "आजोबा, हेलियम इथे सापडला ना?" मी तिला म्हटले, "नाही बाळा, इथे साहेब आला तेव्हा तो केव्हाच सापडला होता." तिचा चेहरा उतरला. पण कोरींच्या छायाचित्रांची हकिकत सांगितल्यावर ती ओट्यावरून उतरायला तयार होईना.

सन १८९८ च्या त्या ग्रहणाबाबत महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे आणखी पुष्कळ आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले होते. त्याच जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपला चमू घेऊन गेले आणि त्यांनी आपल्या वेधांचा अहवाल प्रसिद्ध केला. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्यात उभ्या राहिलेल्या वेधशाळेचे ते प्रमुख होते. तिथली २० इंची दुर्बीण पुढे कोडईकनालला गेली. वर्धा जिल्ह्यातील पुलगावला एक इंग्रज चमू होता. जवळच तळणीला मॉन्डर दांपत्य होते, आणि ॲनी मॉन्डर यांनी तेथून सूर्याच्या किरीटातील एका अतिशय लांब किरणशलाकेचे छायाचित्र टिपले. तोवर एवढी लांब शलाका कोणी छायाचित्रावर पकडली नव्हती. जेऊर, पुलगाव आणि तळणी ही नावे आपण रेल्वेच्या वेळापत्रकात वाचतो. मुंबई इलाखा प्लेगने आणि दुष्काळाने हैराण झालेला असताना या स्थानकांवर दुर्बिणींच्या पेट्या उतरत होत्या, हे किती मराठी शाळांत सांगितले जाते?

माझा आक्षेप तपशिलाच्या हट्टापायी नाही. सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने बाहेरच्या स्पर्धेतील सादरीकरणात विजयदुर्ग आणि हेलियम यांची हीच जोडी मांडली. परीक्षकांनी शांतपणे विचारले, "लॉकियर १८६८ मध्ये भारतात कोणत्या जहाजाने आले?" मुलगा निरुत्तर झाला. उत्तर नव्हतेच, कारण प्रवासच घडला नव्हता. त्याने ती माहिती छापील मजकुरातून घेतली होती आणि छापलेले ते खरे हे आम्हीच त्याला शिकवले होते. स्थानिक अभिमानाने चुकीच्या गोष्टीवर भार टाकला की कोणा तिऱ्हाइताच्या एका साध्या प्रश्नाने तो अभिमान ओशाळतो, आणि मग खरी गोष्ट सांगायलाही माणूस कचरतो. विजयदुर्गाच्या बाबतीत हे विशेष लागते, कारण त्याच्याजवळ सांगण्यासारखी खरी गोष्ट आहे.

म्हणून आपणास दोन विनंत्या. पहिली अशी की, पुढच्या रविवारी त्याच सदरात, त्याच आकाराच्या चौकटीत, दुरुस्ती छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, कारण माझ्या नातीसारखी मुले कोपरे वाचत नाहीत. तिथे हवे तर असे छापा की हेलियमचा प्रकाश १८ ऑगस्ट १८६८ रोजी पटवर्धनांच्या जमखंडीतून युरेनसच्या शोधकाच्या नातवाने पाहिला, पण तो त्याला ओळखता आला नाही. ही माहिती चुकीच्या माहितीपेक्षा कमी नवलाची नाही.

दुसरी विनंती आपल्यामार्फत गडाची देखभाल करणाऱ्यांना आणि १८ ऑगस्टला गडावर हेलियमची आठवण जागवणाऱ्या उत्साही मंडळींना आहे. कार्यक्रम बंद करू नये. त्या दिवशी १८६८ ची गुंटूर, जमखंडी आणि लंडनची हकिकत जरूर सांगावी. मात्र ओट्यांपाशी जे काही लिहिले जाईल, तिथे '२२ जानेवारी १८९८' ही तारीख असावी, लॉकियर यांच्याबरोबर पेडलर यांचे आणि 'मेलपॉमिनी'च्या खलाशांचे नाव असावे, आणि शक्य झाल्यास जानेवारीत त्या तारखेला शाळेच्या मुलांना गडावर नेऊन साध्या लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा दाखवावा. लोलक आणि पांढरा पुठ्ठा मी घेऊन येईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
कणकवली, जि. सिंधुदुर्ग